मालनआत्याची लिंबोणी आणि लग्नातलं पाणी

गेल्या होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुपवाडातल्या एका कॉलनीनं माझ्या मालनआत्यावर अन्याय केला, आणि वर त्याचा नारळही तिच्याच हातून फोडून घेतला.

आधी आत्या कोण ते सांगते. लग्नाच्या पंगतीत तुमच्या मागून एक बाई येईल, हातात तेलाचा रिकामा कॅन, नजर तुमच्या पाण्याच्या बाटलीवर. "आवं पावनं, सगळं पिऊ नगा. घोटभर ऱ्हावू द्या." ती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, माहेर वडूजचं. इथं एका कारखान्यात नट-बोल्ट पिशव्यांत भरते, एकटी राहते.

एका नवरीच्या मामानं तिला हटकलं, "मावशी, बाटल्या भंगारात घालताय व्हय?"

"बाटली तुला आंदण दिली. पाणी वत हिकडं."

एकदा तर स्टेजवर फोटो चालू असताना तिनं नवरदेवाच्या हातातली बाटली काढून घेतली. "गड्या, तुला आता कुणीबी पाणी देईल. माझ्या लिंबोणीला कोण देणार?"

लोक हसतात. हसा. पण ही वेळ कुणी आणली तेही ऐका.

कॉलनीचं बोअर मचूळ. म्हणून समितीनं फिल्टर बसवला. यंत्र गोडं पाणी नळाला देतं आणि सगळा खार उरलेल्या पाण्यात गोळा होतो. ते पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून समितीनं त्याचा पाइप झाडांकडं वळवला, आणि पहिलं झाड आत्याच्या दारातली लिंबोणी! आत्यानं हौसेनं नारळ फोडला.

महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. झाड तहानलंय असं समजून आत्यानं तेच पाणी आणखी सोडलं. खाऱ्या पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनंच मरतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आळ्यात पांढरा थर धरला, तेव्हा मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "ताई, झाडाला कुठं चव कळतीय?"

मी पत्रक छापलं, दारोदार वाटलं. पाइप गटारात गेला. पण मातीतला खार मातीतच राहिला. तो खाली धुवून न्यायला गोडं पाणी लागतं, नळाला ते घरटी पिण्यापुरतंच मिळतं, आणि तेव्हापासून आत्या लग्नं धुंडाळतेय.

थर आता विरळ झालाय. तरी शेंड्याला आलेली पालवी दोनदा जळली. आत्या रोज सकाळी एकेक पान बोटांवर घेऊन बघते. फोन केला की मी तिच्या तब्येतीआधी लिंबोणीची चौकशी करते.

परवा मी वैतागले. "आत्या, असल्या घोटाघोटानं झाड वाचणार नाही. मी गाडीवरून रोज माझ्या घरच्या फिल्टरचे दोन कॅन आणते. तू हे लग्नांत हिंडणं बंद कर."

ती कॅनचं झाकण नुसतंच फिरवत राहिली. मग म्हणाली, "आण की. लिंबोणी जगाय पायजे. पर मग मी लग्नाला काय म्हणून जाऊ गं?"

नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्या भावकीतली एकही पत्रिका तिच्या नावानं आलेली नाही. हळद लावायला ती चालत नाही, ओवाळायला चालत नाही. कॅन घेऊन गेली की मात्र माणसं तिला थांबवतात, चिडवतात, एखादी पोरगी विचारते, "आज्जी, जेवलीस का?"

पाणी मी कालपासून आणतेय. पालवी टिकेल की नाही, ठाऊक नाही. ती काळजी माझ्याकडे राहू दे. अशी एक बाई तुमच्याही भावकीत आहे, आणि तिचं नाव तुम्हाला माहीत आहे. ते पुढच्या कार्याच्या पत्रिकेवर घाला. पत्रिका छापून झाल्या असतील तर पेनानं लिहा. आणि द्यायला स्वतः जा.