वच्छलाकाकूंच्या दुरुस्त्या

माझं काहीही छापून आलं, की सकाळी साडेसातच्या आत वच्छलाकाकू आमच्या दारात उभ्या असतात. हातात पेपरची घडी, चष्मा कपाळावर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "दिलीप, हे असं नाई झालं बाप्पा."

मी मध्य प्रदेशातल्या सौसरच्या शाळेत आठवडाभर हिंदीतून भूगोल शिकवतो आणि नागपूरच्या एका पेपरच्या रविवार पुरवणीत मराठीतून आठवणी लिहितो. वाचक किती, देव जाणे. तपासनीस मात्र एक, आणि तो भिंतीला भिंत लागून राहतो. काकू चौथी शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतात, त्यामुळे एक शब्द सुटत नाही.

एकदा मी लिहिलं, की लहानपणी आई आणि काकूंबरोबर सौसरहून रेल्वेनं पांढुर्ण्याला गेलो आणि खिडकीतून संत्र्यांचे बगीचे पाहिले.

"सौसरची गाडी पांढुर्ण्याले कवा जाऊन राहिली होती रे? भूगोल शिकवतं नं तू? आपन मोटारनं गेलतो. अन् बगीचे तुले कुठून दिसतीन? तू माह्या मांडीवर ओकून राहिला होता. नवं लुगडं होतं."

"काकू, असं लिहिलं तर लोकं काय म्हनतीन?"

"लुगड्याचा रंग विचारतीन. हिरवा लिहिजो."

रामाकोन्याच्या एका लग्नात मी पंधरा जिलब्या खाल्ल्या होत्या. काकूंनी त्या अकरावर आणल्या. मी भांडलो, पण दहाव्या जिलबीला कोण काय बोललं हेही त्यांना आठवत होतं.

आई जाऊन दोन वर्षं झाली तरी तिच्यावर लिहायला हात धजत नव्हता. काकू तिची जिवाभावाची मैत्रीण. पण एका उन्हाळ्यात चार बायांदेखत आई म्हणाली, "वच्छले, तुह्या कुरड्यात मीठ लय झालं," आणि बोलणं बंद झालं. तीन वर्षं! नळ आला की काकू मला हाक मारून सांगत, "तुह्या मायले सांग, पानी आलं." आई तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. त्याच अबोल्यात आईला नागपूरच्या दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही.

शेवटी मी लिहिलं. छापायला पाठवण्याआधी, पहिल्यांदाच, काकूंना वाचून दाखवायला नेलं. शाळेत जायच्या आधीची वेळ होती. त्या खाटेवर बसून ऐकत होत्या. कुरड्यांचा भाग झाला, तरी एकही दुरुस्ती नाही. मग मी वाचलं, "त्या दोघी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत."

"हे खोड."

"काकू, हे तर खरं आहे."

"मी गेलती नागपूरले."

मला हे ठाऊक नव्हतं. "कवा?"

"तू औषध आनाले खाली गेलता. नर्सबाईनं पाच मिनटं देल्ली. तुही माय झोपून होती, नाकात नळी. मी बोलली."

"तिनं ऐकलं?"

"ते मले काय मालूम? मी तर बोलली नं!"

"काय बोललात?"

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"तीन सालाच्या गोष्टी साचल्या होत्या बाप्पा. कुठून सुरू करू, समजेना. मंग माह्या माहेरच्या शोभीच्या पोरीच्या लग्नापासून सुरू केलं. नवरदेवाची घोडी बिथरून सैपाकाच्या मांडवात घुसली, तिथवर आली, अन् नर्सबाईनं उठवलं मले. गोष्ट अर्धीच राहिली."

मी ती ओळ खोडली. कागद बाजूला ठेवले आणि खाटेवर त्यांच्याजवळ सरकून बसलो.

"मंग घोडीचं काय झालं, काकू?"

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग पाय वर घेतले, मांडी घातली.

"घोडी म्हनजे साधी नव्हती…"

त्या दिवशी मला शाळेत जायला चांगलाच उशीर झाला. घोडी मांडवाबाहेर निघाली, तरी तीन वर्षांतली अजून अडीच बाकी होती.