चिंदरकर सरांचा एक फुटी मेंदू

"कुठल्याही वन्य प्राण्याचा मेंदू माझ्यापुढे आणून ठेवा. ओळखला नाही तर प्राध्यापकी सोडीन!"

प्रा. हरिश्चंद्र चिंदरकरांनी ही घोषणा मालवणातल्या त्यांच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा केली होती, की चहा आणणाऱ्या पोऱ्यालाही ती पाठ झाली होती. सरांच्या निवृत्तीला आता तसेही दोनच महिने उरले होते. तेव्हा या पैजेत सरांचं जाणार काय, असा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. पण सरांना प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. विचारणाऱ्याला ते तिथल्या तिथे प्राणिसृष्टीतली त्याची जागा दाखवून देत!

सर प्राणिशास्त्राचे. प्राण्यांचे मेंदू आणि त्यांची उत्क्रांती हा त्यांचा जीव की प्राण. सगळ्या सजीवांचा त्यांनी एक जिना करून टाकला होता. तळाच्या पायरीवर बेडूक, सर्वांत वर माणूस आणि माणसांतही अगदी टोकाला कोण, हे सांगायची गरज नव्हती. बाकीच्यांची सोय त्यांनी मधल्या पायऱ्यांवर लावली होती. कॉलेजचे क्लार्क मयेकर हे सरीसृप. प्राचार्य सस्तन, पण जेमतेम. बायको सत्यवती हिला त्यांनी पक्षिवर्गात घातलं होतं, कारण ती पहाटे पाचला उठल्याबरोबर बोलायला लागायची.

निवृत्तीनंतर करायचं काय, या विचाराने मात्र सरांची झोप उडाली होती. घरी बसायचं म्हणजे पक्षिवर्गाच्या हाताखाली नारळ खवायचे! त्यावर एकच उपाय होता. प्रयोगशाळेशेजारच्या रिकाम्या खोलीत 'मेंदू दालन' काढायचं आणि त्याचं मानद प्रमुख होऊन मरेपर्यंत खुर्ची उबवायची. प्राचार्यांना त्याच खोलीत कॅरम मांडायचे होते. शेवटी विद्यापीठाची समिती येऊन काय ते ठरवील, असं ठरलं. समिती येणार होती गणेश चतुर्थीच्या आठ दिवस आधी.

खरे मेंदू ठेवायला वनखात्याचा कायदा आडवा येत होता. मग मातीचे करायचे. ते कोण करणार? भिकाजी मेस्त्री. त्याच्या गणपतीच्या शाळेत अर्ध्या मालवणाचे गणपती घडत. तिथला रिवाज असा, की ज्याने त्याने आपल्या घरचा पाट नेऊन द्यायचा आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी यायची. सरांना सहा पाट हवे होते. सुताराने फणसाचे पाचच करून दिले. सरांनी सरळ देवघरातला घरचा पाट उचलला.

"आणि आमचो गणपती कशार बसतलो?" सत्यवतीबाई ओरडल्या.

"समिती गेली की पाट परत! आणि माणसाचा मेंदू माझ्या पाटावर नाही, तर काय त्या मयेकराच्या पाटावर ठेवू?"

सहाही पाटांवर खडूने प्राण्यांची नावं घालून सर शाळेत पोचले. भिकाजी कोपरापर्यंत शाडूने माखलेला. सरांनी चित्रं पसरली. "हत्ती, बिबट्या, कोल्हा, वानर, डॉल्फिन आणि माणूस. माणसाचा मेंदू माझ्याच पाटावर हवा. कळलं?"

"कळला. उंची किती धरू?"

नेमका त्याच वेळी सरांचा फोन वाजला. समितीच्या अध्यक्ष, डॉ. तेजस्वी सामंत! सरांचा आवाज एकदम काकवीसारखा झाला. "नमस्कार मॅडम! तुमचीच आठवण काढत होतो..."

"सर, उंची सांगा. माका माती मळूक होई."

"एक फूट!" सर फोनवर हात ठेवून खेकसले.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची! आता मेंदूतलं तू मला शिकवणार?"

भिकाजीने मान हलवली. गिऱ्हाईक सांगेल तेवढी उंची द्यायची, हा त्याच्या शाळेचा नियम होता. एक फूट म्हणजे एक फूट. मग तो मेंदू हत्तीचा असो की कोल्ह्याचा!

समितीच्या दिवशी सरांनी विद्यार्थ्यांकडून सहा पायऱ्यांची आरास करून घेतली. वरच्या पायरीला मखमल. भिकाजी ऐन वेळी टेम्पोतून उतरला. सहा पाट, सहाही वरून कपड्याने झाकलेले. सरांनी घाईने एक कपडा उचलायला हात घातला, तर भिकाजीने त्यांचं मनगटच धरलं.

"सर! वाटेर तोंड उघडूचा नाय! जाग्यार नेऊन बसवल्यारच उघडतत."

"अरे, मेंदू आहेत ते!"

"मूर्त ती मूर्त."

"बरं बाबा. पण पाटांवर मी नावं घातली होती, ती कुठायत?"

"ओल्या फडक्यान पुसून पाट लख्ख केलंय! खडूचे रेघोटे बरे दिसतत?" भिकाजी अभिमानाने म्हणाला. "आणि तुमका नावां कित्याक होई? तुमी तर मेंदू बघल्याबरोबर वळाखतास मा?"

तेवढ्यात समितीची गाडी फाटकातून आत शिरली. विद्यार्थ्यांनी हाताला लागेल तो पाट हाताला लागेल त्या पायरीवर चढवला. हारतुरे झाले. डॉ. तेजस्वी सामंत खुर्चीत बसल्या आणि सरांनी एका झटक्यात सगळे कपडे ओढले!

सहा मेंदू. सगळे गुलाबी, सगळे चकचकीत, सगळे बरोबर एक फूट उंच. आणि प्रत्येकाला पुढे दोन दोन डोळे! काजळ घातलेले, कमळाच्या पाकळीसारखे, अत्यंत प्रसन्न. सहाही मेंदू समितीकडे मायेने बघत होते. मागच्या रांगेत कुणीतरी नकळत हात जोडले.

"सगळे सारख्याच आकाराचे?" मॅडमनी विचारलं.

"मुद्दाम!" सर घाम पुसत म्हणाले. "लोक आकारालाच भुलतात. आपण रचना बघायची, रचना!"

"आणि हे डोळे?"

"ती... दृष्टिकेंद्रं. प्रतीकात्मक आहेत."

"डोळे आखल्याशिवाय मूर्त शाळेभायर धाडूची नाय, असा बापाशीन सांगल्यान हा," भिकाजीने मागून खुलासा केला. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला त्या क्षणी उभयचरांत ढकललं असावं.

आता ओळखणं भाग होतं. हत्ती, बिबट्या आणि कोल्हा सरांनी ठोकून दिले. कुणी हरकत घेतली नाही. उरले तीन. वानराचा मेंदू खऱ्या मापाचा, लिंबाएवढा असता, तर पहिलीतल्या पोरानेही बाजूला काढला असता. पण इथे वानर आणि माणूस खांद्याला खांदा लावून बसलेले! सरांनी त्यांतल्या त्यात सर्वांत जास्त वळ्यांचा, ऐसपैस मेंदू हेरला आणि मखमलीच्या पायरीवर चढवला.

"हा माणूस! गणित, काव्य, लोकशाही, सगळं या वळ्यांतून निघालं!"

"सर, तो मला डॉल्फिनचा वाटतोय," मॅडम हळूच म्हणाल्या. "डॉल्फिनच्या मेंदूला आपल्यापेक्षा जास्त वळ्या असतात."

"मॅडम, तीस वर्षं शिकवतोय मी!" सरांचा आवाज चढला. "तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला नेतात ते होडीवाले पण सांगतील!"

"बरं. मग तो खालच्या पायरीवरचा?"

"तो वानर. शंभर टक्के!" सरांना आता चांगलाच जोर चढला होता. त्यांनी छडी त्या मेंदूवर टेकवली. "बघा याच्याकडे नीट. याची अक्कल ती किती? दिसेल ते ओरबाडायचं. चार फांद्या वर चढलं की खालच्यांना दात विचकायचे. आणि मोठ्याने ओरडलं की आपलंच खरं, एवढीच याची समजूत! हा जन्मात सुधारणार नाही, मी लिहून देतो!"

मॅडम उठून जवळ आल्या आणि वाकल्या. "सर, पाटाच्या कडेला काहीतरी लिहिलंय. ऑइलपेंटने."

सरांनी छडी चटकन मागे घेतली. खडू पुसता येतो. ऑइलपेंट येत नाही. सत्यवतीबाईंनी पाट हरवू नये म्हणून ते नाव चार वर्षांपूर्वी घालून घेतलं होतं.

"चिं-द-र-क-र," मॅडमनी वाचलं.

"तुमचोच तो, सर!" भिकाजीचा चेहरा उजळला. आपली मदत झाली, असंच त्याला वाटत होतं. "माणसाचो मेंदू माझ्याच पाटार होयो, असा तुमीच म्हटल्यात!"

पहिल्यांदा हसले ते क्लार्क मयेकर. सरीसृपांना हसता येत नाही, असं सर तीस वर्षं शिकवत आले होते. मग प्राचार्यांना ठसका लागला आणि मग सगळ्या हॉलला.

मॅडम हसल्या नाहीत, आणि सरांना तेच जास्त लागलं. "सर, उत्क्रांतीचा जिना नसतो," त्या म्हणाल्या. "झाड असतं. डॉल्फिन माणूस व्हायला निघालेला नाही, आणि वानराला आपली पायरी नकोच आहे. जो तो आपापल्या फांदीवर पुरेसा शहाणा असतो."

आठवडाभरात पत्र आलं. दालन मंजूर! पायऱ्या काढाव्यात. मेंदू खऱ्या मापाचे करावेत. काम भिकाजी मेस्त्रींनाच द्यावं, कारण कारागिरी उत्कृष्ट आहे. दालनाची व्यवस्था आणि किल्ली मयेकरांकडे राहील. सरांचाही उल्लेख होता. त्यांना इतर नागरिकांप्रमाणे दहा ते पाच या वेळात येता येईल.

त्याच सकाळी सत्यवतीबाईंनी पाट सरांसमोर आणून आदळला. वरचा मेंदू अजून तसाच काजळ घालून बघत होता.

"उद्या चवथ. पाट मोकळो करा."

सर पाट उचलून मागीलदारी गेले. बादली भरली, मेंदू अलगद सोडवला आणि पाण्यात सोडला.

"झाला काय?" आतून हाक आली.

"झाला."

"इतक्यात? एवढो फुटभर मेंदू!"

सरांनी गढूळ पाण्यात वाकून पाहिलं. मग कॉलेजातली शुद्ध भाषा बाजूला ठेवून ते खालच्या आवाजात म्हणाले,

"आतून पोकळ होतो गो."