एका फळीला चार धनी

हॉलमधलं जेवणाचं टेबल गॅलरीत गेलं आणि त्याच्या जागी कपाटाएवढं गेमचं खोकं उभं राहिलं, तेव्हाच शास्त्रज्ञाच्या बायकोने अट घातली. "रविवारी बाबा येतायत, भाऊ येतोय. त्यांच्यासमोर हे धड चाललं तर राहील. नाहीतर भंगारात." शास्त्रज्ञ खरं तर विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासायचा. 'शास्त्रज्ञ' ही पदवी बायकोने दिली होती, आणि ती कौतुकाने दिलेली नव्हती.

खोक्यात जुना कॉम्प्युटर होता. पुढच्या तक्त्यावर दोन ट्रॅकबॉल, म्हणजे तळहाताने फिरवायचे गोळे, आणि दोन स्पिनर, म्हणजे बोटांनी गरगरवायच्या मुठी. चौघांनी एकदम खेळायचं, पडद्यावरची आपापली फळी सरकवत चेंडू टोलवायचा आणि विटा फोडायच्या, असा भव्य बेत. शनिवारी त्याने एकेक गोळा, एकेक मूठ फिरवून पाहिली. प्रत्येक वेळी पडद्यावरचा बाण इमानाने सरकला. चारही एकदम फिरवायला हात कमी पडत होते, आणि बायकोला मदतीला बोलवायचं तर आधी बोलणी खावी लागली असती. तेव्हा चाचणी यशस्वी झाली असं त्याने एकमताने ठरवलं.

रविवारी सासरे आणि मेहुणा एकेका गोळ्यापाशी उभे राहिले, नवराबायकोने मुठी धरल्या. खेळ सुरू झाला आणि चारही फळ्या एकमेकींवर चढून डावीकडे पळाल्या, मग उजवीकडे. कॉम्प्युटरच्या लेखी गोळे आणि मुठी सगळे मिळून एकच माऊस होता. कुणीही काहीही फिरवलं की चौघांच्याही फळ्या हलत. शास्त्रज्ञाच्या डोळ्यांपुढे भंगारवाला उभा राहिला.

तेवढ्यात वीट फुटली.

"बघितलंत? मी फोडली," सासरे म्हणाले.

"छे हो बाबा, मी," मेहुणा म्हणाला.

बायको मूठ फिरवत राहिली. वीट तिनेच फोडली होती, यात तिला चर्चेसारखं काही वाटलं नाही. चेंडू निसटला की मात्र जो तो दुसऱ्याकडे बघे. गुण सगळ्यांचे सारखेच पडत होते, त्यामुळे श्रेय चौघांचं आणि चूक इतर तिघांची.

"भाऊजी, झकास जमलंय," मेहुणा म्हणाला. सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. शास्त्रज्ञाला प्रामाणिकपणाची उबळ आली. बाकीचे चहा पीत असताना त्याने खोक्यामागे बसून प्रत्येक गोळा, प्रत्येक मूठ ज्याच्या त्याच्या फळीला नेमून दिली.

दुसऱ्या डावात फळ्या स्वतंत्र झाल्या आणि गुणही. बायको पहिली आली. सासऱ्यांच्या नावावर शून्य. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. आजवर शून्य त्यांनी फक्त दिलं होतं.

"गोळा बिघडलाय," ते म्हणाले. मेहुण्याने जागा बदलून दिली. पुन्हा शून्य.

"बाबा, गोळा चांगला आहे," मेहुणा म्हणाला. त्याने हे बोलायला नको होतं.

"चला, निघू या," सासरे म्हणाले.

"आणि जेवण?" बायकोने विचारलं.

"भूक नाही."

बायकोने नवऱ्याला खोक्यामागे ओढलं. "काय केलंत तुम्ही?"

"दुरुस्त केलं."

"मग बिघडवा."

"अगं, पण तुझीच अट होती ना, धड चाललं पाहिजे..."

"मघाशी धड चालत होतं."

शास्त्रज्ञाने निमूटपणे सगळं पुन्हा एकात एक केलं आणि खोक्यामागून डोकं वर काढलं. "बाबा, तुमचं बरोबर होतं. गोळ्यातच दोष होता."

सासरे उपकार केल्यासारखे परत आले. फळ्या पुन्हा एकमेकींवर चढल्या, विटा धडाधड फुटू लागल्या आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आता कसं," ते गोळा गरगरवत म्हणाले. "जावईबापू, यापुढे अडलं तर मला विचारत चला. या कामात तुम्हाला फारशी गती दिसत नाही."

"हो बाबा," शास्त्रज्ञ म्हणाला. बायकोने वर न बघता मान डोलावली. ती मान नक्की कुणाच्या बोलण्याला होती, हे त्याने विचारलं नाही.