इलारियो वामान यांची मुदपाकखान्यावरील स्वारी

समुद्राकाठी इमाबारी नामे शहर, तेथे ओची यांचे घरी जे तुंबळ जाहले ते लिहून ठेवा ऐसे आम्हांस कोणी सांगितले नाही. तथापि आम्ही शेजारी, आमची खिडकी त्यांच्या मुदपाकखान्यासमोर, आणि जे दिसले नाही ते भिंतीतून ऐकू आले, सबब हे लिहिणे आम्हांस प्राप्त जाहले.

घराचे धनी दर्यासारंग तोकुझो ओची, वय सत्तरीपार, पूर्वी बेटांदरम्यान फेरीबोट हाकीत असत. मग सरकारने बेटाबेटांस पूल बांधिले आणि बोट मोडीत निघाली, तेव्हापासून हजरतांचा रुसवा समस्त पुलांवर आणि पुलांवरून जे जे आले त्या सर्वांवर. पुलावरूनच जावई आले. जावई म्हणजे शूर इलारियो वामान, पेरू मुलुखी आरेकिपाचे राहणारे, गोदीत वेल्डिंगचे कामी नामांकित, पोलादास पोलाद जोडावे ते त्यांनीच. परंतु जपानी भाषेचा एक शब्द दुसऱ्यास जोडणे त्यांस साधले नव्हते. कारण ऐसे की कबिला चिझुरुबाई तरुणपणी आरेकिपास राहून स्पॅनिश शिकून आल्या, तेणेकरून नवऱ्याची जीभ आयती सुखात राहिली, आणि सासरे-जावई यांचा सारा जाबसाल बाईंच्या मुखातून चालू लागला. दोघांमध्ये थेट येजा करणारा शब्द एकच, "हं". तोही बहुधा सासऱ्यांकडून.

ऐसियास चिझुरुबाईंस सातवा महिना लागला, रक्तदाब चढला, आणि डॉक्टरांचा हुकूम जाहला की बाळंत होईतो इस्पितळात पडून राहावे, उठू नये, उठल्यास दोन्ही जिवांस धोका. मग घरात उरले दोन सरदार आणि चूल एक. तोकुझो यांनी उभ्या हयातीत किटलीखेरीज दुसरे पात्र आगीवर चढविले नव्हते. इलारियो यांनी आपल्या मुलुखीचा मिरचीचा रस्सा करून पाहिला, तो हजरतांनी नुसता हुंगिला आणि डोळे पुशीत अंगणात गेले. दुकानचे तयार डबे आणावे तर त्यांचे मत, ते प्रवाशांचे अन्न, घरात बसून प्रवाशासारखे खाणार नाही. पेल्यातले नूडल्स मात्र शास्त्रास मंजूर. मग तेच खाऊन सारंग वाळू लागले, आणि एके सायंकाळी फोनच्या पडद्यावर लेकीने बापाचे तोंड पाहिले.

"बाबा, गालफडं बघा जरा तुमची! काय जेवलात?"

"जेवलो."

"काय, ते विचारतेय."

"नूडल्स. गरम होते."

"हे असंच चालणार असेल ना, तर मी डॉक्टरांना सांगून घरी येते. खुर्चीत बसून भात तरी लावीन."

हेच बाईंनी नवऱ्यास स्पॅनिशमध्ये ऐकविले, तोच इलारियो यांनी फोन ओढून घेतला. ते ओरडले, "कुणी कुठे येणार नाही! तुझं ते पाककृतींचं पुस्तक कुठंय?"

"अरे, ते जपानीत आहे."

"असू दे. बाबा जेवतील. माझ्यावर सोड."

ऐसा शब्द देऊन मोहीम मुक्रर जाहली.

प्रथम त्यांनी फोनमधील भाषांतर-यंत्रावर भरवसा ठेविला. भोपळा शिजविण्याचा बेत होता. यंत्राने फर्माविले, भोपळ्याचा चेहरा काढा. मग म्हणाले, दुष्टपणा वर येईल, तो चमच्याने काढून टाका. गोदीतील मुकादमाच्या हुकुमापेक्षा हा फार कठीण नव्हे ऐसे मानून शूरांनी भोपळ्याचे जे तोंडासारखे दिसले ते कापिले, आणि दुष्टपणाची वाट पाहत उभे राहिले. मग यंत्र म्हणाले, झाकण टाका. इलारियो यांनी झाकण छातीइतके उंच धरिले आणि टाकिले. पातेल्यातला सोया सॉसचा रस छतापर्यंत उडाला, तेथून ठिबकू लागला. तोकुझो दारात आले, वर पाहिले, खाली पाहिले, आणि कित्येक वर्षांत जावयाशी पहिले पूर्ण वाक्य बोलिले.

"छताला जेवायला घातलंस. मला नको."

खेदाची गोष्ट ही की ते वाक्यही जावयास समजले नाही. त्यांनी अदबीने मान लवविली.

ही शिकस्त इस्पितळी कळताच चिझुरुबाई इतक्या हसल्या की नर्स धावत आली. मग त्यांनी समजाविले की चेहरा म्हणजे फोडींच्या धारदार कडा, दुष्टपणा म्हणजे वर येणारा फेस, आणि ते झाकण भांड्याहून लहान असते, ते भाजीवर अलगद ठेवायचे असते. इलारियो यांनी यंत्रास तत्क्षणी बडतर्फ केले आणि मूळ अक्षरेच जिंकण्याचा विडा उचलिला. रोज गोदीतून सुटून ते बाईंच्या उशाशी बसत आणि अक्षरे गिरवीत. मीठ, पाणी, आग, ऐशा भुकेच्या क्रमाने. मंद आगीचे अक्षर पाहिले, त्यात दोन धनुष्ये. मोठ्या आगीचे पाहिले, त्यात धनुष्य एकच आणि बगलेत एक किडा. दोन धनुष्यांचा तो दुबळा आणि किडा बाळगणारा तो बलवान, हा न्याय त्यांस उमगेना. सबब बटाट्यांची एक संपूर्ण पलटण कोळसा होऊन पडली.

"आणि हे 'योग्य तितकं' म्हणजे किती गं?"

"म्हणजे योग्य तितकं!"

"पण किती?"

"अरे बाबा, जितकं योग्य तितकं!"

यापुढे कोणत्याही पंडिताचे काही चालले नसते. तरी भाषा हटेना आणि इलारियोही हटेनात. फक्त त्यांची जीभ वळली ती चुलीच्याच अंगाने. न्हाव्याकडे जाऊन त्यांनी सांगितले, "बारीक चिरा आणि निथळत ठेवा." न्हाव्याने डोके चिरिले नाही, ही त्याची सज्जनता.

इकडे सारंगांनी प्रत्येक थाळी परत लाविली, आणि बाईंनी निर्वाणीचे कळविले की रविवारपर्यंत बाबा जेवले नाहीत तर आपण निघालो. रविवार उजाडला. त्या दिवशीचा बेत म्हणजे पिठाच्या गोळ्यांचे सार. इलारियो पुस्तक उघडून एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागले, आणि अडखळले नाहीत. पीठ घेतले, पाणी घातले. मग पुढील आज्ञा आली: कानाच्या पाळीइतके मऊ होईतो मळावे.

वाचिले बरोबर. समजलेही बरोबर. परंतु कोणाच्या कानाच्या? यांनी आपली पाळी चाचपली, ती वर्षानुवर्षे ठिणग्या खाऊन चामड्यासारखी राठ जाहली होती. ऐसे पीठ कोण खाईल? मग शूर वीर पिठाच्या हातांनी बैठकीत गेले, सासऱ्यांसमोर गुडघे टेकिले आणि शुद्ध जपानीत बोलिले.

"बाबा, तुमचा कान द्या."

"काय?"

"कान. मळायला."

आणि उत्तराची वाट न पाहता हजरतांची पाळी चिमटीत धरिली. मुदपाकखान्याच्या उघड्या दारातून हे पाहून आम्ही खिडकीतून अर्धे बाहेर आलो. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांस बोट लाविले नव्हते. तोकुझो यांचा चेहरा तांबडा जाहला. मग ते उठले, तरातरा मुदपाकखान्यात गेले, पिठाचा गोळा दाबिला, आपला कान दाबिला, पुन्हा गोळा दाबिला.

"ह्याला कान म्हणतोस? दगड आहे हा! पाणी घाल."

"किती?"

"योग्य तितकं! आणि माझा धरू नकोस, म्हाताऱ्याचा कान लोंबतो. तो पोराचा असतो ना, तसा मऊ हवा. चिझुरुचा असायचा लहानपणी."

एवढे बोलून सारंग उगाच ओटा पुसू लागले. इलारियो यांस त्यातले 'पोर', 'कान' आणि 'मऊ' एवढेच समजले, ते पुष्कळ जाहले. मग दोघांनी गोळे वळिले. सासऱ्यांचे वाटोळे, जावयाचे जैसे जमले तैसे. सारास उकळी आली, फेस वर आला, तो इलारियो यांनी काढिला. दोघे समोरासमोर बसून जेविले. हजरतांनी वाडगा रिता केला आणि पुढे सरकविला. दुसऱ्यांदा भरून दिला, तोही रिता केला.

नंतर त्यांनी स्वहस्ते फोन लाविला.

"मीठ कमी होतं," ते म्हणाले.

"बाबा! जेवलात?"

"दोन वाडगे. तू पडून राहा. घरी यायची अजिबात घाई करू नकोस. आमचं दोघांचं बरं चाललंय."

येणेप्रमाणे रविवारी दुपारी ओचींचा मुदपाकखाना फत्ते जाहला. रणी बटाटे फार पडिले, माणूस एकही नाही. तह मिठावाचून जाहला, तरी उभयपक्षी मान्य. तिकडे इस्पितळात चिझुरुबाईंनी फोन उशाशी ठेविला, पोटावर हात ठेवून कूस बदलिली, आणि त्या शांत झोपी गेल्या.