कप्तानांचे मध्यमपदलोपी अंतिम दर्शन

सुज्ञ, रसिक आणि सहनशील वाचकहो! प्रस्तुत कथेमध्ये एका क्रीडाप्रेमी गृहस्थाचा अभिमान, एका समासाचा पराक्रम आणि एका तीन आसनी सोफ्याचे पोट यांचा वृत्तान्त यथामती सादर करण्यात येत आहे. या वृत्तान्तात कोणाचाही मृत्यू होत नाही, हे हळव्या मनाच्या वाचकांसाठी आरंभीच नमूद करणे उचित ठरेल.

गल्लीच्या वळणावर सोफे, खुर्च्या व गाद्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर आणि दोहोंच्या मधोमध एक प्रशस्त हॉल. या कारागिरास लहानथोर 'कप्तान' म्हणत. वास्तविक त्यांनी आयुष्यात एकदाच फुटबॉलला पाय लावला होता, तोही चेंडू पायात आला म्हणून! परंतु टीव्हीसमोर बसले की ते जगातील नामांकित खेळाडूंना असे फैलावर घेत, की त्या खेळाडूंना ते ऐकू जाते तर बूट काढून ते बिचारे घरी निघून गेले असते.

दर चार वर्षांनी फुटबॉलची जागतिक स्पर्धा आली, की या हॉलच्या भिंतीवर भला थोरला टीव्ही चढे. दुरुस्तीला आलेले गिऱ्हाइकांचे सोफे रांगेने मांडले जात आणि सारी गल्ली त्यांवर रेलून आरडाओरडा करी. परिणामी ते सोफे आले त्याहून अधिक नादुरुस्त होऊन परत जात, हा भाग निराळा!

यंदा मात्र विपरीत घडले. पहिल्या सामन्यास सलूनवाले दादा, औषधवाले शेठ आणि निवृत्त मास्तर असे तिघेच आले. पुढच्या सामन्यास एकटे मास्तर आले, तेही विसरलेला चष्मा नेण्यासाठी. उपांत्य सामन्यास एक मांजर आले, आणि तेही मध्यंतरात उठून गेले!

"काय झालंय काय लोकांना?" कप्तान रिकाम्या सोफ्यांकडे पाहून उद्गारले. "जगातली सगळ्यांत मोठी स्पर्धा, आणि हे घरी बसून मोबाइलवर नुसते गोल बघतात! म्हणजे जेवण वगळून निव्वळ ढेकर द्यायचा!"

"अहो, संघच इतके वाढवून ठेवलेत, की कोण कुणाशी खेळतंय तेच कळत नाही," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. या माउलीस सारी गल्ली 'वहिनी' म्हणे. "लोक कंटाळले. आता हा हॉल माझ्या शिवणवर्गाला द्या. बायका स्वयंपाकघरात मशिनी लावून बसतात. काल कुकरच्या वाफेत एकीने बाही नेऊन गळ्याला जोडली!"

कप्तानांचा स्वाभिमान स्प्रिंगसारखा उसळला. "अंतिम सामन्याला हा हॉल गच्च भरून दाखवतो! नाही भरला, तर टीव्ही भिंतीवरून खाली आणि हॉल तुझा! कप्तानाचा शब्द आहे!"

"तुमच्या शब्दांनीच तर सगळा घोळ केलाय," वहिनी पुटपुटल्या. परंतु पुटपुटणे ऐकण्याइतकी शांतता कप्तानांनी आपल्या आसपास कधीच होऊ दिलेली नव्हती.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गल्लीतील पाट्या रंगवणाऱ्या पेंटरास पाचारण केले. हा पेंटर वाचनाचा व्यासंगी असून शुद्धलेखनाविषयी अत्यंत काटेकोर होता. पाटीसाठी म्हणून एका मोडक्या सोफ्याची पाठीची फळी काढून देण्यात आली.

"मजकूर असा हवा, की वाचणाऱ्याचे पाय जागीच थांबले पाहिजेत!" कप्तान म्हणाले. "पण फुटबॉल हा शब्द अजिबात नको. तो वाचला, की लोक गल्ली बदलतात."

"मग 'अंतिम सामन्याचे दर्शन' असे लिहू?" पेंटराने फळीवर वीत टेकवली. "पण जागा पुरत नाही. मधला शब्द गाळावा लागेल."

"गाळला तर अर्थ राहील का रे?"

"कप्तान, याला व्याकरणात मध्यमपदलोपी समास म्हणतात. मधले पद लोपते, अर्थ मात्र शाबूत राहतो. आता 'घरजावई' घ्या. घरी राहणारा जावई. त्यातलं 'राहणारा' कुठे दिसतं का? पण जावई घरात असतोच की नाही?"

"असतो बाबा, असतो! हलतच नाही!" कप्तान प्रभावित झाले. "काढ तो मधला शब्द!"

तेव्हा पाटी सिद्ध झाली, ती येणेप्रमाणे:

*कप्तान यांच्या राहत्या घरी उद्या सायंकाळी अंतिम दर्शन. सर्व चाहत्यांनी शेवटचे एकदा अवश्य यावे. ही संधी पुन्हा येणे नाही. चहाची व्यवस्था केली आहे.*

डब्यात काळाच रंग शिल्लक असल्याने चौकट काळी काढण्यात आली. कोपऱ्यात एक फुटबॉल रेखाटला होता. काळ्या ठिपक्यांचा तो गोल दुरून पाहता पुष्पचक्रासारखा भासे, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानी आले नाही.

पाटी वळणावरच्या खांबाला लागली आणि खरोखरच वाचणाऱ्यांचे पाय जागीच थांबले!

दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळीच बहिणीकडे गेल्या. कप्तान दुकानाचे शटर अर्धे ओढून दिवसभर हॉलमध्ये सोफे मांडत राहिले. ते शटर पाहून ज्यांना पाटीविषयी शंका होती, त्यांचीही खात्री पटली.

सायंकाळी टीव्ही लावून, आवाज बंद ठेवून, कप्तानांनी शेवटची पाहणी केली. तो मधल्या तीन आसनी सोफ्याचा बैठकीखालचा पट्टा सैल झालेला आढळला! आता भरल्या सभेत एखादा प्रेक्षक सोफ्यात बुडाला तर काय शोभा राहिली? कप्तान तत्काळ जमिनीवर उताणे झाले, सोफ्याची झालर उचलून व अस्तर उसवून त्याच्या पोटात शिरले, आणि या धंद्यातील रीतीप्रमाणे त्यांनी मूठभर बारीक खिळे तोंडात धरले. एकेक खिळा ओठातून काढावा व ठोकावा, असा क्रम चालू असता हॉलमध्ये पावले वाजू लागली.

"आले! लोक आले!" या आनंदाच्या भरात त्यांच्या हातोडीचा नेम चुकला आणि त्यांची स्वतःची बाही सोफ्याच्या लाकडास पक्की ठोकली गेली! ते हाक मारणार, तोच औषधवाले शेठ आपल्या सर्व वजनासह सोफ्यावर विराजमान झाले. पट्टा खाली आला, तो कप्तानांच्या छातीवर टेकला. तोंडात खिळे, छातीवर शेठ! कप्तान जन्मात प्रथमच गप्प राहिले.

हॉल भरत चालला होता. झालरीखालून बुटांच्या व चपलांच्या रांगाच रांगा दिसत होत्या. कप्तानांचे हृदय भरून आले. परंतु लोक इतके हळू का बोलताहेत, हे मात्र त्यांना उमजेना.

"कसे गेले हो?" सलूनवाले दादांचा आवाज आला.

"अचानकच. माझ्याकडून साधी गोळीसुद्धा कधी नेली नाही," वरून शेठ हळहळले.

"पण दर्शन कुठंय?"

"वहिनी दवाखान्यातून घेऊन येत असतील."

कोण गेले, हे कप्तानांस कळेना. ते आठवू लागले, तो मास्तर खाकरले. "मंडळी, कप्तानांच्या स्मृतीस आपण दोन मिनिटे उभे राहून मौन पाळू या."

सोफ्याच्या पोटात कप्तानांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. "ऊं! ऊंऊं!" ते ओरडले.

"शेठ, निदान आता तरी पोट आवरा," कोणी तरी कुजबुजले.

मौन सुरू झाले. माना खाली होत्या, परंतु समोर टीव्हीवर अंतिम सामना चालू झाला होता. हळूहळू एकेक नजर वर चढू लागली.

"काय पास दिला!" दादा पुटपुटले.

"दादा, मौन आहे!"

"मग आवाज कुठंय? टीव्हीसुद्धा मौनच पाळतोय. डोळे मिटायला कुणी सांगितलंय?"

तेवढ्यात चेंडू जाळ्यात शिरला. "गोऽऽऽल!" मौन पाळणारी सारी सभा हवेत उडाली आणि परत सोफ्यांवर आदळली. मधल्या सोफ्याखाली काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी!

त्यानंतर सभेस जो उत्साह चढला, तो काय वर्णावा! टाळ्या, शिट्ट्या, पैजा! कोणी उठले नाही की कोणी मोबाइल काढला नाही. कप्तान खालून ऐकत होते आणि थक्क होत होते. लोकांचा उत्साह मावळला होता ना? मग हे काय?

खुलासा लवकरच झाला. "काय मजा येतेय!" दादा मांडीवर थाप मारून म्हणाले. "किती वर्षांनी सामना नीट दिसतोय!"

"दिसतोय कसला, समजतोय!" शेठ म्हणाले. "गेल्या खेपेला कप्तान टीव्हीसमोर उभे राहून सगळं समजावत होते. गोल झाले ते त्यांच्या पाठीमागे!"

"मला तर ऑफसाइड शिकवायला माझ्याच कपबश्या मांडल्या," दादांनी भर घातली. " चहा गार झाला, पण ऑफसाइड काही संपला नाही! मृत माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण म्हणूनच यायचं सोडलं हो!"

"मीही!" "मीही!" चहूकडून आवाज आले.

वाचकहो, स्पर्धेचा दोष नव्हता, संघांचा नव्हता, मोबाइलचाही नव्हता! कप्तानांच्या तोंडातील खिळे एकदम कडू झाले.

"तरीपण एक सांगतो," मास्तर हळूच म्हणाले. "मी या गल्लीत नवा होतो, तेव्हा कुणी ओळखत नव्हतं. कप्तानांनी रस्त्यातून हाताला धरून आणून इथे बसवलं. आपली सगळ्यांची ओळख याच सोफ्यांवर झाली."

कप्तानांच्या डोळ्यांत पाणी आले. ते उताणे असल्याने ते पाणी थेट कानात गेले.

इतक्यात वहिनी दारात अवतरल्या. भरलेला हॉल पाहून त्यांची पिशवीच गळून पडली. सगळे धडपडत उठून उभे राहिले.

"वहिनी, धीर धरा," दादा सद्गदित होऊन म्हणाले. "कप्तान गेले."

"गेले? चहाची भांडी न विसळता?"

"वहिनी, तसं नव्हे. आपल्याला सोडून गेले."

"त्यांना सांगून जायची सवयच नाही. येतील जेवायच्या वेळेला!"

शेठना हुंदका आवरला नाही. "धक्का बसलाय हो त्यांना! पाणी आणा कुणी तरी!" कोणी पाणी आणले, कोणी वारा घालू लागले. कोणी तरी फुलांचा एक मोठा हार वहिनींच्या हाती दिला. "हा कशाला? मी कुठला सामना जिंकलाय?" वहिनी विचारत राहिल्या.

नेमका त्याच वेळी टीव्हीवर दुसरा गोल झाला आणि पंचाने तो नाकारला! सभा दुःख विसरून खवळली.

"ऑफसाइड दिलाय!" शेठ म्हणाले.

"म्हणजे नक्की काय?"

"सोपं आहे," दादा अधिकारवाणीने बोलले. "ऑफ म्हणजे बंद, साइड म्हणजे बाजू. ज्या बाजूचा खेळाडू दमून बंद पडतो, त्याचा गोल धरत नाहीत."

मृत्यू, अपमान, औषधवाल्यांचे वजन, सारे काही कप्तानांनी सोसले होते. हे मात्र त्यांना सोसवेना! त्यांच्या मुखातून खिळे व वाक्य एकाच वेळी बाहेर पडले.

"अरे अडाण्यांनो! शेवटून दुसरा बचावपटू बघा! शेवटून दुसराऽऽ!"

सोफ्याच्या पोटातून आलेली ती वाणी ऐकून सभेची त्रेधा उडाली! शेठ उंच उडाले, ते दादांच्या मांडीवर उतरले. मास्तर शोकभाषणाचा कागद तोंडासमोर धरून त्यामागे दडले. "आत्मा ऑफसाइडमध्येच अडकलाय!" कोणी तरी किंचाळले आणि अर्धी मंडळी एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडण्याचा यत्न करू लागली.

एकट्या वहिनींनीच झालर उचलून पाहिले.

"अहो, बाहेर या. तुम्ही मेलाय असं लोक म्हणतायत."

"कोण म्हणतो?"

"वळणावर पाटी लागलीय म्हणे, ती म्हणते!"

चौघांनी सोफा कलता केला, वहिनींनी कात्रीने बाही कापली आणि अस्तराचा कापूस अंगभर माखलेले कप्तान बाहेर काढण्यात आले. मास्तरांनी भाषण वाचू का, अशी पृच्छा केली, तेव्हा त्यांना खाली बसवण्यात आले. या गडबडीत विजयी गोल केव्हा झाला, हे हॉलमधील एकानेही पाहिले नाही. अखेर औषधवाल्या शेठनी मोबाइलवर बघून निकाल सांगितला!

"हॉल भरला की नाही?" कप्तान वहिनींस क्षीण स्वरात म्हणाले. "मी जिंकलो."

"भरला, पण तो तुम्ही गेलात म्हणून!" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी कप्तानांचा कापसाने माखलेला चेहरा पाहिला आणि त्यांचा स्वर मऊ झाला. "का हो मंडळी, पुढच्या स्पर्धेला याल का?"

दादांनी मान खाजवली. "येऊ की. पण एक अट आहे."

ती अट सर्वानुमते मंजूर झाली. सध्या त्या हॉलमध्ये शिवणवर्ग भरतो आणि कप्तान शिकणाऱ्या बायकांसाठी मऊ गाद्या शिवून देतात. टीव्ही भिंतीवरच आहे, त्यावर सध्या कपड्याचे नमुने लटकतात. पुढच्या स्पर्धेच्या वेळी मशिनी बाजूला सारून सारी गल्ली पुन्हा तेथे जमेल. कप्तानही मधल्या सोफ्यावर बसतील. मात्र पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत त्यांनी तोंडात खिळे धरून बसावयाचे, असे ठरले आहे.

सदर पाटीवरून काही मंडळी अद्याप पेंटरास दूषणे देतात. त्या मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक आजवर कोणास काढता आलेली नाही, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी. येथवर संयमाने वाचल्याबद्दल आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
गल्लीतील पाटीवाला पेंटर
(पाट्या, नामफलक व समास वाजवी वेळेत करून मिळतील.)