इंदिराबाईंचा एक जून

एक जूनच्या सकाळी ढुंढिराज गर्गे हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांना वाटलं, हा दिवस कॅलेंडरातून कुणी काढून टाकला असता तर फार बरं झालं असतं.

नाशकात गंगापूर रोडच्या मागे त्यांच्या वसाहतीत ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र होतं. त्याच्या दारातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम निवृत्तीनंतर त्यांच्या गळ्यात पडलं होतं. घटना, जन्म आणि मृत्यू असे तीन रकाने. जगात कोण आलं आणि कोण गेलं हे लिहून लिहून त्यांना आता माणसांच्या येण्याजाण्याचाच कंटाळा आला होता.

पण आजचा प्रश्न घरचा होता. त्यांच्या पत्नीला, इंदिराबाईंना, आज पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. इंदिराबाई खरोखरच एक जूनला जन्मल्या होत्या, हेच त्यांचं दुर्दैव. केंद्रातल्या निम्म्या लोकांची कागदोपत्री जन्मतारीख एक जून होती, कारण शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही की मास्तर सरळ एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे इंदिराबाईंचा वाढदिवस दरवर्षी सार्वजनिक व्हायचा. मागच्या वर्षी केकवर नावं मावेनात म्हणून नुसतं ‘सर्वांना शुभेच्छा’ लिहिलं होतं, आणि त्यातलाही क्रीम नसलेला कोपरा त्यांच्या वाट्याला आला होता.

“मला साडी नको, सोनं नको,” आदल्या दिवशी त्यांनी बजावलं होतं. “फळ्यावर माझं एकटीचं नाव पाहिजे. एक दिवस तरी मी एकटीच जन्मलेली असू दे. दुपारी येऊन बघणार आहे मी.”

ढुंढिराजांनी लिहायला घेतलं. घटना: मुंबई-पुणे दख्खनची राणी धावू लागली, एसटीची पहिली बस सुटली. जन्म: अभिनेत्री नर्गिस, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात, इंदिरा गर्गे. मृत्यू: हेलन केलर. ते दोन पावलं मागे सरकून समाधानाने बघत होते, तेवढ्यात बहिरूभाऊ आले. दिंडोरीची द्राक्षबाग मुलाच्या हाती सोपवून ते शहरात राहायला आले होते, आणि इथे छाटायला काही नसल्यामुळे माणसांच्या मागे लागायचे.

“सर, माझं नाव कुठं हाय?”

“बहिरूभाऊ, दिनविशेषात थोरामोठ्यांची नावं असतात.”

“वहिनी थोरामोठ्यांत कधी गेल्या?”

याचं खरं उत्तर दिलं असतं तर ते घरी कळलं असतं.

“आधार कार्डावर एक जून हाय माझ्या,” बहिरूभाऊ म्हणाले. “सरकार मानतं. तुम्ही नका मानू.”

ढुंढिराजांनी त्यांचं नाव लिहिलं. मग कुसाबाई आल्या, त्यांचंही लिहिलं. जागा संपली म्हणून नर्गिस पुसली. मग लंकाबाई आल्या. जन्माचा रकाना भरला होता, तेव्हा दख्खनची राणी पुसून तिथे लंकाबाईंना घेतलं.

“मी काय घटना हाय का?” लंकाबाईंनी विचारलं.

“सुनेला विचारा तुमच्या,” बहिरूभाऊ म्हणाले.

केंद्राचे अध्यक्ष वाल्मीकराव आले, त्यांच्यासाठी एसटीची बस गेली. सगळ्यांत शेवटी झिपरू भोये आले. हे हरसूलकडचे, मुलाच्या नोकरीमुळे नाशकात. आता साऱ्या फळ्यावर हेलन केलरच्या खालीच काय ती जागा उरली होती.

“झिपरूभाऊ, इथंच आहे हो जागा.”

“कुठंबी लिवा सर. चष्मा घरी राह्यला, मला दिसत नाय.”

ढुंढिराजांनी लिहिलं. तिथून बाण काढून तो जन्माच्या रकान्यात न्यायचा त्यांचा विचार होता, पण तोवर वाल्मीकरावांनी फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

पहिल्या पाच मिनिटांत हात जोडलेली चित्रं यायला लागली. कुणीतरी लिहिलं, ‘झिपरूभाऊंना भावपूर्ण श्रद्धांजली.’ दुसऱ्याने विचारलं, ‘हेलनताई कोण? आपल्या सभासद होत्या का?’ तिसऱ्याने हळहळून विचारलं, ‘दोघं बरोबरच गेले? अपघात झाला का?’ ढुंढिराजांनी खुलासा टाकला, पण लोक वरचा फोटो बघत होते आणि खालचा खुलासा वाचायला कुणाला सवड नव्हती. कुणाच्या तरी सुनेकडून फोटो हरसूलला पोचला. झिपरूभाऊंचा फोन वाजला.

“हां, झिपरूच बोलतोय,” ते म्हणाले आणि फोनकडे बघत राहिले. “ठिवला. घाबरला वाटतं.”

दुपारी इंदिराबाई नवी साडी नेसून आल्या. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

“यात मी कुठंय?”

“बहिरूभाऊंच्या वर,” ढुंढिराज म्हणाले.

“आणि झिपरूभाऊ कधी वारले?”

“वारले नाहीत. आत चहा पितायत.”

इंदिराबाई पायरीवर बसल्या. “एवढंसं मागितलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “मला आता रडू येतंय. कोण तो मेला मास्तर, त्याला दुसरी तारीख सुचली नाही?”

ढुंढिराज त्यांच्या शेजारी बसले. त्यांनाही मनापासून वाईट वाटत होतं. एवढ्यात दारात जीप थांबली. तिच्यातून झिपरूभाऊंचा पुतण्या महेश आणि गावचे चार म्हातारे उतरले. महेशने आत जाऊन काकाला चहा पिताना पाहिलं आणि तो आधी रडला, मग हसला, मग चिडला.

“कामं टाकून आलो आम्ही. घरी पोरं रडून रडून उपाशी निजलीत.”

“आता सर,” बहिरूभाऊ म्हणाले, “तुम्ही मारलं, तर जेवायलाबी तुम्हीच घाला.”

अशा रीतीने इंदिराबाईंच्या पंच्याहत्तरीचं श्रीखंड मयताला आलेल्या मंडळींच्या पानात पडलं. मंडळी आधी लाजली, मग लाजली नाहीत. इंदिराबाई रुसल्या तोंडाने वाढत होत्या. झिपरूभाऊंपाशी आल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

“खरं सांगा झिपरूभाऊ, तुमचा जन्म कधीचा?”

“आई सांगायची, नागलीची रोपं लावत व्हते तवाचा. पावसाळ्यातला.”

“मग एक जून कुठून आला?”

“ते शाळेत. बाप म्हनला, तारीख ठावं नाय. गुरुजींनी दौतीत टाक बुडवला. मंग म्हनले, माझी पोरगी नाशकात अन् मी हितं डोंगरात. तिची तारीख देतो तुला. तुझी हजेरी घेतली का ती वर्गात बसल्यावानी वाटंल.”

“कोण गुरुजी?”

“गायधनी गुरुजी. कवा छडी नाय मारली.”

गायधनी हे इंदिराबाईंचं माहेरचं नाव. पुऱ्यांचं ताट हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. “माझे दादा, माझे वडील,” त्या म्हणाल्या. “मला कधी बोलले नाहीत हो.” डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ढुंढिराजांनी ताट घेतलं.

झिपरूभाऊ खरकट्या हाताने उठले. “ती पोरगी तुम्ही व्हय? मंग घ्या ताई परत. मला दुसरी कुठलीबी चालंल.”

“राहू द्या. सत्तर वर्षं वापरलीत. आता परत घेऊन मी काय करू?”

पंगतीत जीपमधून आलेले चार म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी त्यांतला एक खाली मान घालून म्हणाला, “ताई, आमची बी तीच हाय.”

इंदिराबाईंनी एकेकाकडे नीट पाहिलं, घरच्या माणसाकडे बघावं तसं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, आणखी पुऱ्या सांगा. आणि फळ्यावर यांचीही नावं घाला.”

“फळ्यावर जागा नाही आता,” ढुंढिराज म्हणाले.

“मग माझं पुसा,” इंदिराबाई म्हणाल्या.