चौतीसची झाली त्रेचाळीस

टिचकीच्या हातात फक्त पाच दिवस होते आणि घरात ठोसे मारायची बॅग टांगायला जागा नव्हती.

टिचकी म्हणजे शिंप्याची मुलगी, इयत्ता नववी. तिचं खरं नाव दुसरंच होतं, पण शाळेतल्या बॉक्सिंगच्या सरांनी पहिल्याच दिवशी तिचा ठोसा बघून कपाळाला हात लावला होता. "अगं, हा ठोसा की टिचकी? समोरचीला वाटेल, कोणीतरी मागून हाक मारतंय!" झालं, तेव्हापासून वर्गात, घरात, गल्लीत, सगळीकडे ती टिचकी. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं ती सगळ्यांना सांगायची, आणि इतक्या वेळा सांगायची की ते खोटं आहे हे सगळ्यांना कळायचं.

आंतरशालेय स्पर्धेचा अर्ज शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. त्यावर मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची सही हवी होती. आणि मोठ्या बाई सही करायला तयार नव्हत्या. मागच्या महिन्यात सरावात टिचकीचं मनगट मुरगळलं होतं आणि गणिताचा पेपर तिने डाव्या हाताने लिहिला होता. मोठ्या बाई स्वतः गणित शिकवायच्या. तो पेपर तपासताना त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला होता.

"तंत्र सुधारलेलं मला दिसलं, तर सही," त्या म्हणाल्या होत्या. "नाहीतर पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी दहावी आहे बाई!"

"मग त्याच्या पुढच्या वर्षी."

त्याच्या पुढच्या वर्षी टिचकी शाळेतच नसणार होती. गणिताच्या बाईंना हे कळत नसेल असं नाही.

घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं, की मला रोज सरावाला जड बॅग पाहिजे. बाबांनी कानामागची खडूची वडी काढली आणि त्यांचे डोळे चमकले. "पिशवीच ना? मग त्यात काय, शिवतो की! ढगळ ठेवू की अंगाबरोबर?"

"बाबा, तिला अंग नसतं."

"नसतं कसं? मग तू मारणार कुठे?"

रविवारी दुपारपर्यंत जाड ताडपत्रीची लांबट बॅग तयार झाली. आत सहा महिन्यांचं कातरण कोंबलं होतं. बॅग इतकी जड झाली की बाबा आणि काका दोघांनी मिळून उचलली तेव्हा कुठे ती हलली. शिवण दुहेरी, तळाला तिहेरी. आणि हाताला सवय असते म्हणून बाबांनी डाव्या बाजूला एक खिसाही लावून टाकला होता. टिचकीचा पहिलाच हूक, म्हणजे बाजूने फिरवून मारलेला ठोसा, त्या खिशात जाऊन अडकला.

"खिसा कशाला, बाबा?"

"असू दे गं. रुमाल ठेवायला होतो."

दुसरी जागाच नव्हती, म्हणून बॅग टांगली मागच्या खोलीत, प्लायवुडच्या पार्टिशनला लागून. पार्टिशनच्या अलीकडे दुकान, पलीकडे घर. दुकानात बाबा माप घ्यायचे, आई काजं-बटणं करता करता मापाची वही लिहायची आणि कोपऱ्यात काका कापायचे. काका दिवसाला साधारण अकरा वाक्यं बोलायचे. त्यांतली नऊ असायची, "वहीत आहे ना? मग आहे."

आता टिचकीला एकच गोष्ट कमी होती. सर सराव घेताना आकडे ओरडायचे. एक म्हणजे डावा सरळ, दोन म्हणजे उजवा सरळ, तीन डावा हूक, चार उजवा हूक, पाच आणि सहा म्हणजे खालून वर येणारे, डावा नि उजवा. आकडा ऐकला की विचार न करता हात गेला पाहिजे. पण घरी आकडे ओरडणार कोण?

आणि मग तिच्या लक्षात आलं की घरात दिवसभर आकडे ओरडणारा माणूस आयताच आहे!

"छाती चौतीस!" पार्टिशनपलीकडून बाबांचा आवाज आला. टिचकीने कान टवकारले. चौ म्हणजे चार. तीस म्हणजे तीन. धाड, धाड! "बाही बावीस!" बा म्हणजे दोन, वीस म्हणजेही दोन. धाड, धाड! "खांदा साडेचौदा!" साडेला काय करायचं हे सरांनी शिकवलं नव्हतं, म्हणून तिने तिथे नुसती हूल दिली, अर्धा हात पुढे करून मागे घ्यायचा. सात, आठ, नऊ असे आकडे आले की ठोसाच नसायचा, तेव्हा ती गप्प उभी राहून घाम पुसायची. काय सोय होती! गिऱ्हाईक जितकं लठ्ठ, तितका सराव दणदणीत.

सोमवारी शाळेत सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "तू ठोसा मारताना श्वास कोंडून धरतेस. तोंडाने आकडा बोल, मोठ्याने. आपोआप श्वास सुटेल."

आणि नेमक्या सोमवारीच संध्याकाळी मोठ्या बाई कोट शिवायला दुकानात आल्या.

शनिवारी त्यांना कुठल्याशा सभेत व्यासपीठावर बसायचं होतं. कोट शुक्रवारी हवा होता. बाबांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि टेप उघडली. आता टाचण्या ओठांत असल्या की बाबांचं बोलणं फक्त आईला कळायचं, आणि तेही लग्नाला अठरा वर्षं झाली म्हणून, आणि तेही दर वेळी नाही.

"छाखी अखखीश!"

"किती?" आईने काजावरून डोळे न काढता विचारलं.

पलीकडे टिचकीला बरोबर कळलं, कारण तिचा कान आता आकड्यांना सोकावला होता. अडतीस. आठला ठोसा नाही. ती गप्प राहिली. बाबांनी टाचण्या काढून पुन्हा सांगितलं, "अडतीस!" आईने लिहिलं, ३८.

"कंफर शौखीश!"

"किती?"

"चार! तीन!" पार्टिशनमागून खणखणीत उत्तर आलं. धाड, धाड.

आईला भरून आलं. पोरगी आत सराव करता करता आईच्या मदतीला धावली होती. किती शहाणी झाली, अं? तिने लगेच लिहिलं, ४३. त्रेचाळीस हा आकडा जरा मोठा आहे असं तिच्या मनात आलंही असतं. पण माप लिहिताना गिऱ्हाइकाच्या कमरेकडे बघायचं नाही, हा तिचा नियम होता. बघितलं की लोक पोट आत घेतात.

"खाही खेखीश!"

"किती?"

"तीन! दोन!" धाड, धाड.

३२.

खांदा निघाला सतरा, म्हणजे सातला टिचकी गप्प. लांबी निघाली अठ्ठावीस, म्हणजे आठला गप्प. दोन्ही वेळा बाबांनी टाचण्या काढल्या आणि दोन्ही मापं वहीत बिनचूक उतरली. जाताना मोठ्या बाईंनी पार्टिशनकडे बघून विचारलं, "तिकडे काय पडतंय सारखं?"

"आमची मुलगी सराव करतेय," बाबा अभिमानाने म्हणाले.

"हं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या "हं"मध्ये सही नव्हती.

कोट तातडीचा, म्हणून बाबांनी दुसरं काम हातात घेतलंच नाही. काकांनी वही उघडली. बाही बत्तीस. त्यांची कात्री क्षणभर हवेत थांबली. कापड पुरत नव्हतं.

"दादा, बाहीला जोड द्यावा लागेल," काका म्हणाले.

बाबा कॉलरीत गुंतले होते. "मग दे की. वहीत आहे ना?"

"वहीत आहे."

"मग आहे."

स्वतःचंच वाक्य समोरून आल्यावर काकांनी कात्री पुन्हा चालवली. त्यांनी जोड दिला, आणि जोडाला कफसारखी शिलाई मारून तो झाकलाही. मनाशी म्हणाले, बाईंचे हात लांबच असणार. फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत लिहायचं असतं त्यांना.

शुक्रवारी साडेपाचला मोठ्या बाई आल्या. टिचकी घडी घातलेला अर्ज हातात घेऊन पार्टिशनच्या फटीशी उभी होती. आपण आत्ता बाहेर जायचं, वाकून नमस्कार करायचा, मग बाईंना बॅगवर एक जोडी मारून दाखवायची, असा तिचा बेत पक्का होता. बाबांनी कोट झटकून पुढे धरला. मोठ्या बाईंनी एक हात घातला. मग दुसरा घातला. मग सगळेच वाट बघत राहिले.

हात बाहेर येईनात.

बाह्या बोटांच्याही पुढे बराच प्रवास करून गुडघ्यांपाशी विसावल्या होत्या. छातीत कोट अंगावरच शिवल्यासारखा बसला होता, खांदे तर नजर लागावी असे, पण कमरेपाशी त्याने जो घेर धरला होता, तो घंटेसारखा दोन्ही बाजूंनी डुलत होता. मोठ्या बाईंनी आरशात पाहिलं. एक बाही हळूच उचलली. बाहीचं टोक तसंच लोंबत राहिलं.

"हे," मोठ्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काय आहे?"

त्या चिडल्यावर हळू बोलतात हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. टिचकीने अर्ज पाठीमागे लपवला.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. "अगं, वही आण!"

वही आली. मोठ्या बाईंनी बाही खांद्यापर्यंत ओढून, हात मोकळा करून, वही स्वतःच हातात घेतली. "माझी मापं मला पाठ आहेत. तेवीसचे बत्तीस. चौतीसचे त्रेचाळीस." त्यांनी चष्मा वर केला. "आकडे उलटले आहेत. आणि तेही ठरावीकच. कोणी लिहिलं?"

"मी," आई म्हणाली. "पण पोरीनंच सांगितलं. आतून. मोठ्याने."

सगळ्यांनी पार्टिशनकडे पाहिलं. फटीतून एक डोळा दिसत होता. तो मिटला.

टिचकी बाहेर आली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांचे आकडे, बाबांचे आकडे, चौ म्हणजे चार आणि तीस म्हणजे तीन, श्वास, आठला गप्प, सगळं. शेवटी म्हणाली, "बाई, मी आईला नव्हते सांगत. मी बॅगला सांगत होते."

अर्ज तिने पाठीमागे लपवला होता, तो आता अगदी चुरगळला. आता काय उरलं होतं? त्याच्या पुढचं वर्ष!

बाबांनी कोट उतरवून घेतला. "तासाभरात करून देतो बाई. कमी करायचंय, त्यामुळे नवं कापड लागायचं नाही." काका लगेच उसवायला बसले. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि मग टिचकीकडे पाहिलं.

"चल. दाखव."

मागच्या खोलीत टिचकीने हाताला पट्ट्या गुंडाळल्या, ग्लोव्ह्ज चढवले. बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"तेवीस," त्या म्हणाल्या.

"तीन! दोन!" थप, थप. बॅग जेमतेम डुलली.

"चूक. तेवीस म्हणजे?"

"दोन... तीन?"

"आधी दशक, मग एकक. तिसरीत शिकवतात. पुन्हा."

"दोन! तीन!" थप, थप.

"पुन्हा चूक."

"आता काय चुकलं, बाई?" टिचकीला रडू यायला लागलं होतं.

"तू दोनला दोन मारतेस. तिथे दोन आहे का?" मोठ्या बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "दोन दशकाच्या घरात आहे. त्याची किंमत काय?"

"वीस."

"वीस! आणि तू दोघांना सारखंच मोजतेस! इथे तीनला तीन, आणि दोनला?"

"वीस..."

"नुसत्या हातात वीस मावतील का?"

टिचकी थांबली. सर महिनाभर सांगत होते, टाच फिरव, कंबर फिरव, ताकद जमिनीतून येते. तिने ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं. पण वीस आणायचे कुठून, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. नुसत्या हातात मावणार नव्हते. खांद्यातही नाही. तिने उजवी टाच उचलली, जमिनीवर चवडा फिरवला, मागोमाग कंबर फिरली, मनगट सरळ राहिलं, आणि अगदी शेवटच्या क्षणाला तिने मूठ आवळली.

"दोन!"

असा आवाज आला की दुकानात आईच्या हातातला बटणांचा डबा पालथा झाला. बॅग मागे गेली, पार्टिशनवर आदळली आणि परत येताना तिला डावा हूक जणू वाटेतच उभा असलेला सापडला. "तीन!" पलीकडून बाबा ओरडले, "अगं, भिंत सांभाळ!"

टिचकी स्वतःच्या मुठीकडे बघत राहिली. मनगट दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं. तिला एकदम हसू फुटलं, ते थांबेचना.

"मनगट?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सरळ, बाई!"

"छप्पन्न मार."

तिने छप्पन्न मारले. मग पंचेचाळीस, मग चौसष्ट. आठ-नऊचे आकडे बाई मुद्दामच मध्ये घालत होत्या, आणि टिचकी फसत नव्हती. शेवटी त्यांनी हात पुढे केला. टिचकीला वाटलं, थांब म्हणताहेत.

"अर्ज दे. आणि जरा सरळ कर आधी, बोळा झालाय त्याचा."

बॅगच्याच अंगावर कागद टेकवून त्यांनी सही केली. बॅग डुलत असल्याने सही जरा वाकडी आली, पण टिचकीने ती चारदा वाचली. मग ती दुकानात धावली, आईच्या गळ्यात पडली, बाबांना घट्ट धरलं, आणि काकांनासुद्धा, ज्यांच्या तोंडात तेव्हा दोरा होता. "सरांकडे देऊन येते!" म्हणत ती चपला घालायला वळली.

तेवढ्यात काकांनी शेवटचा टाका तोडला. मोठ्या बाईंनी कोट घातला. बाही बरोबर तेवीस, कंबर बरोबर चौतीस. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. "बघा बाई, आरशात बघा."

"आतल्या आरशात बघते," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पार्टिशनमागे गेल्या.

आई आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. आत आरसा नव्हता.

मग पलीकडून एक दबका आवाज आला. धप. मग थोडं थांबून, जरा मोठा. धाड.

चपला घालणारी टिचकी एका पायावर तशीच थांबली.

मोठ्या बाई बाहेर आल्या. चेहरा नेहमीसारखाच कडक होता, फक्त चष्मा थोडा वाकडा झाला होता आणि गाल लाल दिसत होते. त्यांनी कोट उतरवून बाबांच्या हातात दिला.

"कुठे चुकलं का, बाई?" बाबांनी धास्तावून विचारलं.

"माप बरोबर आहे," मोठ्या बाई घसा साफ करत म्हणाल्या. "फक्त बगलेत, मुंढ्याला, दोन बोटं सैल करा. हात फिरला पाहिजे."